विद्यापीठाच्या शाखा तालुक्यांत : बाहेरच्या देशांत कशा चालतात, आणि गोव्यात हव्यात का?

गालजीबाग (धागाकर्ती)

मंडळी, हा विषय बरेच दिवस मनात आहे. इथे वेगवेगळ्या देशांत राहणारे गोंयकार आणि मराठी सभासद आहेत म्हणून विचारते.

आपलं विद्यापीठ ताळगावच्या पठारावर. काणकोणच्या चावडीवरून तिथे पोचायचं तर आधी मडगाव, मडगावच्या कदंबा स्टँडवरून पणजी आणि पणजीहून पुन्हा पठारावर जाणारी बस. अंतर सत्तरेक किलोमीटर, पण नऊच्या तासाला हजर राहायचं तर घरातून काळोखात निघावं लागतं. पदवीपर्यंत तशी अडचण नाही. केपें, साखळी, पेडणे, खांडोळा इथे सरकारी कॉलेजं आहेत, आमच्या काणकोणातही कॉलेज आहे. अडतं ते पुढे. बी.एस्सी.ला चांगले गुण घेतलेल्या आमच्या वाड्यावरच्या मुली एम.एस्सी.चा विचार सोडतात, बी.एड. करतात नाहीतर पाळोळें-आगोंदच्या शॅकवर हिशेब ठेवायला लागतात. हुशारी कमी म्हणून नाही, वाट लांब म्हणून.

एकाच विद्यापीठाचे चार-पाच गावांत परिसर, असं बऱ्याच देशांत असतं म्हणे. मला विचारायचंय ते हे : तिथे शाखेत काय शिकवायचं हे कोण ठरवतं? प्राध्यापक तिथलेच असतात की मुख्य ठिकाणाहून येऊन-जाऊन करतात? पैसे कोण देतं? आणि आपल्या बारा तालुक्यांच्या राज्यात यातलं काही बसेल का?

---

पठारावरचा

विषय चांगला, पण माझं मत स्पष्ट विरोधात आहे. सगळा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला एखादा जिल्हासुद्धा याहून मोठा असतो. मी पठारावरच एम.एस्सी. केली. तिथे एक बरं उपकरण आलं की चार विभागांचे विद्यार्थी त्यावर काम करतात, समुद्रविज्ञानाचा मुलगा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जाऊन बसतो. हे एका ठिकाणी असण्याचं बळ आहे. ते चार गावांत वाटलंत तर चार ठिकाणी अर्धीमुर्धी प्रयोगशाळा होईल आणि चारही ठिकाणची मुलं अर्धवट शिकतील. वसतिगृहं वाढवा, बस वाढवा. विद्यापीठ फोडू नका.

---

वाळपईचो

@पठारावरचा, अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही बाबा. आमच्याकडे पावसात संध्याकाळची शेवटची बस चुकली की घरी जायचं कसं, हा प्रश्न असतो. प्रयोग साडेपाचला संपला म्हणून बस थांबत नाही.

---

जुना_सेंटरवाला

गालजीबागताई, तुम्ही बाहेरच्या देशांचं विचारलंत, पण आधी घरचं सांगतो. आपला गोवाच मुळात एका विद्यापीठाची लांबची शाखा होता.

मुक्ती १९६१ ला. दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले कॉलेज निघालं. दोन्ही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. वैद्यकीय शिक्षण तेवढं त्याआधीपासून होतं, पोर्तुगीजांची ‘एश्कोला मेदिका’ १८४२ ची, तिचंच पुढे गोवा मेडिकल कॉलेज झालं. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबई विद्यापीठाने पणजीत एक केंद्र काढलं. आम्ही त्याला नुसतं ‘सेंटर’ म्हणायचो. त्या सेंटरमधून जे उभं राहिलं तेच १९८५ चं गोवा विद्यापीठ.

सेंटरचे दिवस मला चांगले आठवतात. शिकवणारे उत्तम होते, त्याबद्दल तक्रार नाही. पण अभ्यासक्रम मुंबईचा, प्रश्नपत्रिका मुंबईची, आणि निकाल? तोही मुंबईच्या मर्जीने. एखाद्या विषयात गोव्याबद्दल काही शिकवायचं म्हटलं तर तो ठराव मुंबईच्या मंडळापुढे जायचा. आपलं विद्यापीठ झाल्यावर पहिला फरक काय पडला, तर कोकणीचा विभाग, पोर्तुगीजचा विभाग, समुद्रविज्ञान. हे विषय शिकवायची गरज मुंबईत बसून दिसत नव्हती, आणि त्यात मुंबईचा काही दोषही नव्हता.

म्हणून @पठारावरचा यांना एवढंच विचारतो : १९८५ ला कुणी म्हणालं असतं की मुंबईची वसतिगृहं वाढवा, बोटीच्या फेऱ्या वाढवा, तर?

---

अनुजा_फोंडा

वाह! जुना_सेंटरवाला काका, या सेंटरवर वेगळा धागा काढा ना. माझे वडीलही तिथलेच.

---

आर्मिडेलहून

काकांनी सांगितलं अगदी तसंच इथे ऑस्ट्रेलियात झालंय. मी राहतो त्या आर्मिडेलमध्ये १९३८ ला सिडनी विद्यापीठाचं एक छोटं कॉलेज सुरू झालं. सिडनी इथून पाचशे किलोमीटरच्या आसपास. १९५४ ला ते स्वतंत्र झालं आणि न्यू इंग्लंड विद्यापीठ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी टपालाने शिकवायला सुरुवात केली, कारण आजूबाजूला सगळी मेंढपाळांची आणि शेतकऱ्यांची वस्ती. वर टाउन्सविलमध्ये क्वीन्सलँड विद्यापीठाचं कॉलेज १९६१ ला निघालं, तेही १९७० ला जेम्स कुक विद्यापीठ झालं.

पण आता इथे एक निराळा प्रकार जोरात आहे, आणि तो काणकोणला जास्त जवळचा वाटतो. लहान गावांत ‘स्टडी हब’ काढतात. ती कुठल्याच विद्यापीठाची शाखा नसते. इमारत गावाची, चालवणारी समिती गावातली, पैसे सरकारचे. आत अभ्यासाची टेबलं, जलद इंटरनेट, छपाईची सोय, परीक्षेची खोली, आणि मुख्य म्हणजे पगारी माणूस : विद्यार्थ्याने निबंध कसा लिहावा, अर्ज कसा भरावा, यात मदत करणारा. विद्यार्थी कुठल्याही विद्यापीठाचा असला तरी चालतो. इथे न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावापासून याची सुरुवात झाली. एका टेबलावर नर्सिंग करणारी दोन लेकरांची आई, शेजारच्या टेबलावर अकाउंटिंगचा मुलगा, दोघांची विद्यापीठं वेगळी.

---

पठारावरचा

@जुना_सेंटरवाला, मुंबई सहाशे किलोमीटरवर आहे, काणकोण सत्तर. तुलना जुळत नाही.

@आर्मिडेलहून, हे मात्र पटण्यासारखं आहे. अभ्यासिका काढा, प्रत्येक तालुक्यात काढा. त्यासाठी विद्यापीठाला हात लावायला नको.

---

मिरची_पाव

इग्नूचं प्रादेशिक केंद्र पणजीत आहे आणि अभ्यासकेंद्रं कॉलेजांतून चालतात. कल्पना साधारण तीच ना?

---

आर्मिडेलहून

@मिरची_पाव, कल्पनेत साम्य आहे, रोजच्या वापरात नाही. इग्नूचं अभ्यासकेंद्र सहसा सुट्टीच्या दिवशी, कॉलेजच्या वर्गात, संपर्कतासापुरतं. हब रोज उघडं, रात्री उशिरापर्यंत. घरात अभ्यासाला जागा नसलेल्या मुलाला याने फार फरक पडतो.

---

फ्योर्डकाठी

उत्तर नॉर्वेतून लिहितेय. गालजीबाग यांच्या तिन्ही प्रश्नांना इथल्या अनुभवावरून उत्तर देते, जरा लांब होईल.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला डॉक्टर आणि शिक्षक टिकत नव्हते. दक्षिणेतून आलेला माणूस काळोखाचे दोन हिवाळे काढायचा आणि परत जायचा. म्हणून १९६८ ला संसदेने ट्रॉम्स्योला विद्यापीठ काढायचं ठरवलं आणि १९७२ ला ते सुरू झालं. हेतू सरळ होता : उत्तरेची मुलं उत्तरेत शिकली तर उत्तरेत राहतील. पुढे आजूबाजूची लहान महाविद्यालयं त्यात मिळाली. २००९ ला ट्रॉम्स्योचं, २०१३ ला फिनमार्कचं, २०१६ ला हार्स्टाड आणि नार्विकची. आता विद्यापीठ एकच, पण नार्विकला अभियांत्रिकी, हार्स्टाडला आरोग्य आणि समाजकार्य, आल्टाला शिक्षक प्रशिक्षण आणि पर्यटन. प्राध्यापक त्या-त्या गावात राहणारे, त्यांची पदं त्या परिसराची. पैसे सरकार विद्यापीठाला एकत्र देतं आणि वाटणी विद्यापीठाचं मंडळ करतं.

आता दुसरी बाजू. वाटणी मंडळाच्या हातात म्हणजे शाखा बंद करणंही मंडळाच्याच हातात. इथून दक्षिणेला नेस्ना म्हणून गाव आहे, सगळी नगरपालिका मिळून दोन हजारांच्या आत वस्ती. तिथलं अध्यापक विद्यालय १९१८ पासूनचं. २०१६ ला ते नव्या नूर विद्यापीठात विलीन केलं. २०१९ ला विद्यापीठाच्या मंडळाने नेस्नाचा परिसर बंद करायचा निर्णय घेतला : विद्यार्थी कमी, खर्च जास्त. सगळा भाग पेटून उठला. मोर्चे निघाले, विषय संसदेत गेला, निवडणुकीचा मुद्दा झाला. २०२१ ला सरकार बदललं आणि नव्या सरकारने नेस्नाला शिक्षण चालू ठेवण्याची बाजू घेतली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते असं. नेस्ना विलीन झालं तेव्हा तिथले लोक खूश होते, कारण गावाला ‘विद्यापीठ’ मिळालं. पण विलीनीकरणाबरोबर निर्णयाचा हक्क गावातून गेला. तीन वर्षांत परिणाम दिसला.

---

अनुजा_फोंडा

फ्योर्डकाठी, अप्रतिम प्रतिसाद. म्हणजे कागदावर शाखा असणं आणि शाखेचा निर्णयात वाटा असणं, या दोन गोष्टी वेगळ्या.

---

दोडामार्गी

आम्हा सीमेपलीकडच्यांचंही ऐका. सिंधुदुर्ग मुंबई विद्यापीठाखाली. पणजी आम्हाला तासा-दीड तासावर, मुंबई रात्रभराच्या प्रवासाची. मुंबई विद्यापीठाने रत्नागिरीला उपपरिसर केलाय, पण दोडामार्गहून रत्नागिरीसुद्धा काही हाकेवर नाही. कोकणाला वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी आमच्या वडिलांच्या वेळेपासून ऐकतोय. तुम्ही काणकोणला, पेडण्याला शाखा काढाल तेव्हा पेडण्याची थोडी आमच्याकडे सरकवून काढा. आमची पोरं म्हापशाला नोकरीला येतातच, शिकायलाही येतील.

---

वाळपईचो

@दोडामार्गी, या हो या, पण आधी आमची सोय होऊं दी 🙂 मग पंगतीला बसूया.

---

सुवा_ते_सांगे

बारा मालक असलेलं एक विद्यापीठ पाहिलंय मी. नोकरीनिमित्त फिजीत राहिलो होतो, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही.

साउथ पॅसिफिक विद्यापीठ १९६८ चं. फिजी, सामोआ, टोंगा, व्हानुआतु, किरिबाती, तुवालु असे १२ देश-प्रदेश मिळून ते चालवतात. मुख्य परिसर फिजीची राजधानी सुवाला. पण कायद्याचं शिक्षण व्हानुआतुच्या पोर्ट व्हिलात आणि शेतीचं सामोआत. म्हणजे कायद्याच्या मुख्य शाळेत शिकायचं तर फिजीच्या मुलानेही समुद्र ओलांडून जायचं. लहान देशाला फक्त घेणारा ठेवलं नाही, देणाराही केलं. व्हानुआतुत फ्रेंच, इंग्लिश आणि गावरीतीचा असे तिन्ही कायदे नांदतात, त्यामुळे कायद्याची शाळा तिथे शोभते. दूरच्या बेटांवर १९७० च्या दशकापासून उपग्रहावरून तास पोचवायचे. पुढे त्यांचं स्वतःचं जाळं झालं.

पैशाचं म्हणाल तर प्रत्येक देश आपला वाटा देतो, आणि भांडण लागलं तर इथेच लागतं. कुलगुरू पाल अहलुवालिया यांनी आधीच्या कारभारातल्या गोष्टी बाहेर काढल्या, फिजी सरकारने अनुदान अडवलं आणि २०२१ च्या सुरुवातीला त्यांना रात्रीतून देशाबाहेर काढलं. एरवी अशा वेळी कुलगुरूची खुर्ची रिकामी झाली असती. इथे बाकीचे देश त्यांच्या मागे उभे राहिले, ते आधी नाउरूतून आणि मग सामोआच्या परिसरातून विद्यापीठ चालवत राहिले. फिजीत सरकार बदललं, मग अनुदान पुन्हा सुरू झालं.

म्हणून @पठारावरचा, विद्यापीठाचं बळ एका ठिकाणी असण्यात आहे हे मला अर्धंच पटतं. चार ठिकाणी पाय असलेलं विद्यापीठ एका सरकारच्या धक्क्याने पडत नाही.

---

पठारावरचा

पॅसिफिकचं उदाहरण सुरेख आहे, पण तिथे मध्ये महासागर आहे. आपल्या मध्ये झुआरी आहे आणि तिच्यावर आता नवा पूलही झालाय.

---

कदंबा_पास

नवीन पूल झाल्यापासून पंधरा-वीस मिनिटं वाचतात खरी. ती मडगावच्या सर्कलवर परत जातात.

---

पेन्सिल्व्हेनियातली_पेडणेकरीण

अमेरिकेत दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही मी जवळून बघतेय.

पहिली कॅलिफोर्नियाची. लॉस एंजलिसला १९१९ ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची ‘दक्षिण शाखा’ सुरू झाली. बर्कलीच्या लोकांना ती फारशी रुचली नव्हती. आज ती यूसीएलए म्हणून बर्कलीच्या खांद्याला खांदा लावून उभी आहे. विद्यापीठ एक, परिसर दहा, प्रत्येकाला स्वतःचा चॅन्सलर, आणि सगळ्यांवर एक अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळ. १९६० ला त्यांनी सबंध राज्याचा आराखडा केला : संशोधन कुणी करायचं, पदवी कुणी द्यायची, पहिली दोन वर्षं गावातल्या कॉलेजात काढून पुढे कसं जायचं. गावात सुरुवात केलेल्या मुलाची वाट त्यामुळे तिथेच बंद होत नाही.

दुसरी माझ्या राज्याची, पेन स्टेट विद्यापीठाची. मुख्य परिसर मधोमध, बाकी लहान परिसर राज्यभर पसरलेले. मूळ विचार असा की मुलांनी पहिली दोन वर्षं घराजवळच्या परिसरात करावी आणि उरलेली दोन मुख्य परिसरात. खाणकामगारांच्या, गिरणीकामगारांच्या घरांतली पहिली पदवीधर पिढी यातूनच झाली. पण गावं ओस पडत गेली, विद्यार्थी घटले. मे २०२५ मध्ये विश्वस्तांनी सात परिसर २०२७ च्या वसंत सत्रानंतर बंद करायचा ठराव केला. त्या गावांतली माणसं हळहळतात. परिसर गेला की त्याबरोबर वाचनालय, पोहण्याचा तलाव, गावाची सभागृहं, सगळंच जातं.

ज्या परिसरात फक्त ‘इथे सुरुवात करा, मग तिकडे जा’ एवढंच होतं, ते विद्यार्थी घटल्यावर सांभाळणं कठीण गेलं. फ्योर्डकाठी यांनी सांगितलेल्या नार्विकसारखं स्वतःचं काही असतं तर लढायला हाताशी मुद्दा राहिला असता.

---

नवा_वाचक_फोंडा

बाहेरची विद्यापीठंच आता भारतात शाखा काढतायत त्याचं काय? ब्रिटनचं साउथॅम्प्टन गुरुग्रामला, ऑस्ट्रेलियाचं डीकिन गुजरातच्या गिफ्ट सिटीत. गोव्यात एखादं आलं तर?

---

अनुजा_फोंडा

@नवा_वाचक, ती येतात ती शुल्क भरू शकणाऱ्यांसाठी. काणकोणच्या वाड्यावरच्या मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही. वेगळा धागा काढूया का त्यावर? शिवाय शाखा आपल्याला नवीन नाहीत. बिट्स पिलानीची शाखा झुआरीनगरला २००४ पासून आहे. प्रवेशपरीक्षा एक, अभ्यासक्रम एक, पदवीवर नाव एक. पिलानी कुठे, झुआरीनगर कुठे! पण तिथले प्राध्यापक तिथेच राहतात, प्रयोगशाळा पूर्ण आहे. म्हणून मुलं तिला दुय्यम मानत नाहीत.

---

कण्णूर_कनेक्शन

आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण राहून गेलं. केरळचं कण्णूर विद्यापीठ १९९६ चं आणि पहिल्या दिवसापासून अनेक परिसरांचं. कारभार कण्णूरला थावक्कराला, बाकी विभाग मांगाट्टुपरंबा, पय्यन्नूर, पालयाड, नीलेश्वरम आणि पार वायनाडमधल्या मानंतवाडीपर्यंत वाटलेले. उत्तर केरळला वर्षानुवर्षं वाटायचं की शिक्षण सगळं दक्षिणेकडे. त्यामुळे विद्यापीठ मिळाल्यावर त्यांनी ते एका गावात कोंडलं नाही.

ईशान्येत नेहू, म्हणजे नॉर्थ ईस्टर्न हिल युनिव्हर्सिटी, बघा. १९७३ ला शिलाँगला निघालं, पुढे कोहिमा आणि ऐजॉल इथेही त्याचे परिसर झाले. कोहिमाचं पुढे नागालँड विद्यापीठ झालं, ऐजॉलचं मिझोराम विद्यापीठ. थोरल्या घरातून मुलं वेगळं बिऱ्हाड करतात तशी ती निघाली. तुरा मात्र अजून नेहूचाच परिसर आहे, गारो टेकड्यांतल्या मुलांसाठी.

---

लेक्चर_बेसिस

आतापर्यंत सगळं वाचलं. आता आतली बाजू सांगते, कारण अशा एका शाखेत मी शिकवलंय. शेजारच्या एका राज्यातलं विस्तारकेंद्र होतं, नाव घेत नाही.

उद्घाटन थाटात झालं. इमारत नवी, पाटी मोठी. कायम पद एकही नाही. आम्ही सगळ्या लेक्चर बेसिसवर, तासाला अमुक रुपये, सुट्टी लागली की पगार बंद. ग्रंथालय म्हणजे काचेचं एक कपाट, किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई मुख्य ठिकाणी टपाल घेऊन गेला की त्या दिवशी पुस्तक नाही. प्रयोगशाळेसाठी परीक्षानळ्यांची मागणी पाठवली. सही मुख्य ठिकाणच्या विभागप्रमुखांची लागायची, ती झाली की फाइल लेखाविभागात, तिथून त्रुटी काढून परत. नळ्या आल्या तेव्हा ते सत्र संपलं होतं. मी घरून लोणच्याच्या बरण्या नेऊन प्रात्यक्षिक घेतलंय.

मुलींनी जीव तोडून अभ्यास केला. पण मार्गदर्शक म्हणून सही करायला कायम प्राध्यापकच लागतो, तो आमच्याकडे नव्हता, त्यामुळे त्यांना प्रबंधासाठी शेवटी मुख्य ठिकाणी जावंच लागलं. ज्या प्रवासासाठी केंद्र काढलं, तोच प्रवास.

म्हणून गोव्यात कुणी शाखेची घोषणा केली तर मी इमारतीचं चित्र बघणार नाही. तीन गोष्टी विचारीन. कायम पदं किती आणि ती त्या शाखेच्या नावावर आहेत का. लहान खर्चाची सही शाखेतच होते का. आणि प्रबंधाचा मार्गदर्शक तिथे बसतो का.

---

गालजीबाग (धागाकर्ती)

@लेक्चर_बेसिस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला जे विचारायचं होतं ते तुम्ही नेमकं सांगितलंत. फ्योर्डकाठी, सुवा_ते_सांगे, पेडणेकरीण ताई, तुमचेही आभार. मला वाटतं सगळी उदाहरणं एकाच जागी येतायत : ज्या शाखेत असं काही शिकवलं जातं जे मुख्य ठिकाणी मिळत नाही, ती टिकते.

---

वाळपईचो

जमिनीचंही कुणीतरी बोलायला हवं. आमच्या सत्तरी तालुक्यात शेळ-मेळावलीला आयआयटी आणायची होती तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. २०२१ च्या जानेवारीत आमचे लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकल्प मागे घ्यावा लागला. बाहेर छापून आलं की सत्तरीकरांना शिक्षण नको. साफ चुकीचं. आम्हाला काजूची बागायत आणि डोंगर जायला नको होता. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, आणि कागदावर नाव नाही, हे सत्तरीचं जुनं दुखणं. लाखो चौरस मीटर मागितले की लोकांच्या पोटात गोळा येणारच. आयआयटी २०१६ पासून फर्मागुढीलाच आहे, काणकोणात लोलयें, मग आमच्याकडे, मग सांगे, जागा शोधणं चालूच राहिलं.

शाखेला एवढी जमीन कशाला लागते? साखळीचं सरकारी कॉलेज उभं आहे. त्यावर एक मजला चढवा, दोन विभाग द्या. कुणी विरोध करणार नाही.

---

स्कायची_सून

वाळपईचो यांनी जे म्हटलं तेच स्कॉटलंडच्या उत्तरेत प्रत्यक्ष केलंय. हायलँड्स अँड आयलंड्स विद्यापीठाला विद्यापीठाचा दर्जा मिळाला २०११ ला, पण त्यांनी नवीन नगर वसवलं नाही. इन्व्हरनेस, ऑर्कनी, शेटलंड, लुईस इथली आधीपासूनची कॉलेजं आणि संशोधनसंस्था एकत्र जोडल्या. प्रत्येक कॉलेजचं मंडळ स्वतःचं, पदवी सगळ्यांची एक. एखाद्या वर्गात ऑर्कनीतले चार, शेटलंडमधले दोन आणि इन्व्हरनेसचे दहा विद्यार्थी पडद्यावर एकत्र बसतात आणि शिकवणारी कुठल्याही बेटावर असू शकते.

ऑर्कनीत पाच हजार वर्षांपूर्वीची वस्ती जमिनीखाली आहे, म्हणून पुरातत्त्व ऑर्कनीत. विद्यार्थी वर्गातून उठून थेट उत्खननावर जातात. आणि माझ्या सासरच्या स्काय बेटावर साव्हल मोर ओस्तेग हे कॉलेज १९७३ पासून आहे, तिथे शिक्षण गेलिक भाषेतून चालतं. नुसती भाषा नव्हे, तर विषय त्या भाषेतून. जी भाषा बाजारातून हटत चालली होती तिच्यात आज लोक पदवी घेतात आणि तिथेच नोकरी धरतात. ते बघून मला आपल्या पेडण्याची, सत्तरीची आठवण येते. दशावतारी, रणमाले, धालो, फुगडी. यावर कुणाला प्रबंध लिहायचा तर तो पठारावर बसून का लिहावा?

---

जुना_सेंटरवाला

स्कायची_सून, माझ्या मनातलं बोललात. सत्तरीतल्या झर्मे गावच्या माणसाला रणमाल्याबद्दल विचारायला विद्यार्थी एकदा टेप घेऊन येतो आणि जातो. विभाग साखळीला असला तर तोच माणूस वर्षातून चार वेळा वर्गात येऊन बसेल. आणि पेडण्याच्या सरकारी कॉलेजला तर संत सोहिरोबानाथ आंबियेंचंच नाव आहे. मराठी संतकविता आणि दशावतार यांचा पदव्युत्तर अभ्यास तिथे व्हायला काय हरकत आहे? @दोडामार्गी, मग तुमची पोरं सोयीने येतील, बांदा तिथून जवळच.

---

दोडामार्गी

काका, तुमच्या तोंडात साखर पडो.

---

पठारावरचा

सगळं वाचून माझं म्हणणं पुन्हा मांडतो. लोककला, भाषा, समाजशास्त्र, यांचे विभाग तालुक्यात गेले तर माझी हरकत नाही, उलट बरंच. पण भौतिक, रसायन, जैवतंत्रज्ञान यांची महाग उपकरणं पठारावरच असावीत, आणि काणकोणच्या मुलीला तिथे वसतिगृहात खोली हक्काने मिळावी. विज्ञानाच्या मुलाला अर्धवट प्रयोगशाळा देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. लेक्चर_बेसिस यांच्या बरण्या वाचून तर माझं मत आणखी पक्कं झालं.

---

गालजीबाग (धागाकर्ती)

@पठारावरचा, सगळं विज्ञान उपकरणांवर चालत नाही. आमच्या गालजीबागला आणि आगोंदला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मागे खोतीगांवचं अभयारण्य आहे. समुद्र ते घाट, सगळं एका तालुक्यात. कासवांच्या घरट्यांवर रात्री पहारा करायचा, वाळूचं तापमान नोंदवायचं, पिल्लं मोजायची, तर तिथे राहणारा माणूस हवा. आता बाहेरून संशोधक येतात, हंगाम संपला की जातात. पहाऱ्याला आमच्याच गावची मुलं असतात, पण संशोधनात त्यांचं नाव नसतं. परिसंस्था आणि किनारा या विषयाची एम.एस्सी. काणकोणात सुरू झाली तर पठारावरची मुलंच आमच्याकडे येतील.

---

लेक्चर_बेसिस

याला माझं पूर्ण अनुमोदन. कायम पदं तेवढी मंजूर करून घ्या.

---

पठारावरचा

हा विषय काणकोणात व्हावा हे मान्य. नमुन्यांची रासायनिक तपासणी पठारावर पाठवायची, आठवड्यातून एकदा गाडीने. बाकी माझं मत तेच.

---

मिरची_पाव

कासवांच्या एम.एस्सी.ला किती गुण लागतील? माझा भाचा बारावीत आहे, रात्रभर समुद्रावरच असतो.

---

फ्योर्डकाठी

गालजीबाग, एक सुचवते. विभाग मिळाला तर त्याच्या स्थापनेच्या ठरावातच लिहून घ्या की तो हलवायचा किंवा बंद करायचा असेल तर तालुक्याच्या प्रतिनिधींसमोर सुनावणी होईल, आणि विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळावर शाखांमधला एक प्राध्यापक असेल. नेस्नाच्या लोकांना आधी हे सुचलं असतं तर पुढचे मोर्चे काढावे लागले नसते.

---

गालजीबाग (धागाकर्ती)

हे लिहून घेतलं. पुढच्या रविवारी आमच्या पंचायतीची ग्रामसभा आहे, तिथे हा विषय ठेवतेय. कुठल्या सरकारी कॉलेजात आता कोणते पदव्युत्तर वर्ग चालतात आणि त्यांत कायम पदं किती, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कृपया इथेच लिहा. एम.कॉम. काही कॉलेजांत आहे, बाकीच्यांचं सांगा. @वाळपईचो, साखळीचं तुम्ही बघाल का?

---

वाळपईचो

बघतो. सोमवारी कॉलेजात जातो. वरच्या मजल्याचंही विचारून येतो.